फोटो बिघडत नाहीत, पण पुढेही सरकत नाहीत

पायरीवरचा

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला. क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा), सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम होणारी किट लेन्स. अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (किती वेळ उघडं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील) हे त्रिकूट पहिल्या सहा महिन्यांत बऱ्यापैकी पचलं. आता ऑटोला हात लावत नाही. फोकस जागेवर असतो, क्षितिज तिरकं नसतं, ओळखीचे लोक "मस्त रे" म्हणतात.

मागच्या आठवड्यात भिंतीवर लावायला चार फोटो निवडावेत म्हणून बसलो. हार्ड डिस्कवर अकरा हजारांच्या वर फोटो. दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर हाताशी उरले नऊ. खरा धक्का पुढे आहे. त्या नऊपैकी सहा पहिल्या वर्षातले निघाले, म्हणजे मला काही येत नव्हतं तेव्हाचे!

आता रोज सकाळी तासभर आणि रविवारचा अर्धा दिवस एवढाच वेळ मिळतो. लांब कुठे जाणं जमत नाही. कृपया कुठली वस्तू घ्यावी ते सांगू नका. तुम्ही स्वतः काय केलंत, ज्याने फोटोत फरक पडला, तेवढं सांगा.

झूमवीर

५० एमएम एफ/१.८ घ्या. विषय संपला.

पायरीवरचा

अहो, शेवटून दुसरं वाक्य वाचलंत का? :)

झूमवीर

वाचलं. तरीही घ्या. किट लेन्स ५५ वर नेली की अपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तेवढं भोक मोठं). एफ/१.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. घरात, संध्याकाळी, माणसांचे फोटो काढून बघा, मग बोलू.

कवडसा

झूमवीर, हिशेब बरोबर आहे, पण प्रश्न तो नाहीये. धागाकर्त्याचे पहिल्या वर्षीचे फोटो त्याच किट लेन्सने चांगले आलेत. लेन्स तीच आणि फोटो मात्र मागे पडले, तेव्हा अंगण वाकडं नाही.

पायरीवरचा, तुमच्या नऊ फोटोंनी तुम्हाला अर्धं उत्तर आधीच दिलंय. ते नऊ एका फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येकाचा एक्सिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) उघडा. किती वाजता काढला, फोकल लेंथ किती (लेन्सचा एमएमचा आकडा, लहान असेल तेवढं दृश्य रुंद), अपर्चर किती. मग जे एक्सिफमध्ये नसतं ते आठवून लिहा. उजेड कुठून येत होता, तुम्ही उभे होतात की बसलेले, वस्तूपासून किती अंतरावर होतात. शेजारी गेल्या सहा महिन्यांतले कुठलेही नऊ ठेवा आणि त्यांचंही तेच करा. इथे येऊन सांगा काय दिसतंय ते. मगच पुढचं बोलू, नाहीतर हा धागा शंभर प्रतिसादांचा होईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

फुकटचा_सल्ला

+१ कवडसाताई. मी आपला फोनवाला, पण खुर्ची टाकून बसलोय.

जुनी_निगेटिव्ह

आमची एक पिंक. रोग अकरा हजारात आहे. आमच्या वेळी एका रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या आणि प्रत्येक दाबणीला पैसे पडायचे. माणूस आधी बघायचा, मग दाबायचा. तुम्ही कार्डावर टेप चिकटवून लिहा "३६", आणि महिनाभर तेवढेच काढा. स्क्रीनवरचा प्रीव्ह्यूही बंद ठेवा.

अठरा_टक्के

काका, आदर राखून असहमत. ३६ चं बंधन घातल्याने माणूस विचार करतो हे खरं, पण घाबरतोही. डिजिटलमध्ये चूक फुकट आहे. ती फुकट मिळणारी चूक सोडून का द्यायची?

आणि फिल्मवाले सगळे जपून काढायचे हेही खरं नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल नुसते एक्स्पोज करून ठेवलेले सापडले, डेव्हलपसुद्धा न केलेले. मात्र त्याची एक सवय तुमच्या बाजूची आहे. तो रोल मुद्दाम बराच काळ पडू द्यायचा. फोटो काढताना मनात जे होतं ते विसरून, परक्याचा फोटो बघावा तसा स्वतःचा बघता यावा म्हणून. आपण घरी पोचायच्या आत निवडून, रंग चढवून, टाकून मोकळे होतो. त्या दिवशीचा आनंद फोटोत दिसतोय असं वाटतं, पण तो आपल्या डोक्यात असतो.

जुनी_निगेटिव्ह

हे मान्य. डार्करूममध्ये जायला आठवडा लागायचा, तो आठवडा बरंच काम करून जायचा हे आत्ता लक्षात आलं. पण टेपची सूचना मागे घेत नाही!

पायरीवरचा

कवडसाताई, गृहपाठ केला. लाज वाटली, पण सांगतो.

चांगल्या नऊपैकी सात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळचे. आठात विषयापासून अंतर हातभर ते दोन मीटर. पाच तरी खाली बसून किंवा पायऱ्यांवर चढून काढलेले, कारण तेव्हा मला झूम वापरायचं भान नव्हतं, मीच सरकायचो. प्रत्येकात एकच गोष्ट आहे. एक सायकल. एक दार. एका फोटोत नुसती दोरीवरची चादर.

अलीकडचे नऊ? आठ फोटो उभ्या उभ्या, डोळ्यांच्या उंचीवरून. सहा १८ एमएमवर, म्हणजे "सगळं मावू दे" पद्धतीचे. वेळ साडेअकरा, बारा, दुपारी दोन. उजेड कुठून येत होता ते एकाही फोटोचं आठवलं नाही.

कवडसा

लाज कसली, हे सापडायला मला सहा वर्षं लागली होती.

तुमचा हात शिकला आणि पाय आळशी झाले. सगळ्यांचं होतं. एकदा एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) जमू लागलं की "जमलं" असं वाटतं आणि जिथे उभे असू तिथूनच दाबायची सवय लागते. झूम फिरवल्याने फ्रेम लहान-मोठी होते, पण मागच्या आणि पुढच्या गोष्टींचं एकमेकांशी नातं बदलत नाही. ते फक्त तुम्ही जागा बदललीत की बदलतं. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तर माणसाच्या डोक्यातून उगवलेला खांब गायब होतो. हे काम कुठलीही लेन्स करणार नाही.

मी काय केलं ते सांगते. पायाला दुखापत होऊन दीड महिना घरात होते. कंटाळून खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली, तिच्यावर चुरगाळलेला पांढरा कागद, आणि रोज त्याचेच फोटो. हसू नका. कागदाला घड्या असतात, प्रत्येक घडीला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते, त्यामुळे उजेड कुठून येतोय हे तो चुगलखोरासारखा सांगतो. खिडकीकडे पाठ करून काढलात तर कागद सपाट दिसतो, घड्या जवळजवळ नाहीशा होतात. खिडकी बाजूला घेतलीत की प्रत्येक सुरकुती उठून येते. खिडकी समोर, म्हणजे कागदाच्या मागे आली, की कडा उजळतात आणि मधला भाग काळवंडतो. वस्तू तीच, खोली तीच, फोटो तीन.

मग खुर्ची मागे ओढायची. लहानशा दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. खिडकी मोठी असल्याने तिच्या अगदी जवळ हा हिशेब तंतोतंत बसत नाही, पण कल तोच. याचा उपयोग असा की वस्तू खिडकीजवळ असली आणि भिंत लांब, तर भिंत आपोआप अंधारात जाते. काळा पडदा वगैरे काही लागत नाही. वस्तू भिंतीजवळ नेलीत की दोघांवर सारखाच उजेड, आणि फोटो ओळखपत्रासारखा.

आठ-दहा दिवसांत कागद नसतानाही माणसांच्या चेहऱ्यावर घड्या दिसायला लागतात. म्हणजे उजेडाच्या बाजू!

जोसेफ सुदेक नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला. १९४० पासून १९५४ पर्यंत तो प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत होता. काचेवरचं दव, बर्फ, पलीकडचं वेडंवाकडं झाड, खिडकीत ठेवलेला एखादा पेला. चौदा वर्षं, एक खिडकी. त्याचे फोटो शोधून बघा. "लांब जाणं जमत नाही" ही ओळ नंतर कुणी लिहिली तर मी त्याला सुदेककडे पाठवते.

फुकटचा_सल्ला

कागदाचा प्रयोग फोनवर केला. खरंच की! आता एक भाबडा प्रश्न, हे सगळं फोनला लागू आहे ना? आणि बायकोचा फोटो जवळून काढला की तिचं नाक मोठं येतं आणि माझी कंबख्ती भरते, त्यावर उपाय?

अठरा_टक्के

उजेड आणि जागा यांना कॅमेरा कुठला ते कळत नाही, त्यामुळे ते सगळं लागू. अपर्चर मात्र बहुतेक फोनमध्ये कायमचं ठरलेलं असतं. पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरता सॉफ्टवेअरने केलेली असते, म्हणूनच केसांच्या आणि चष्म्याच्या कडांपाशी ती चुकते.

नाकाचं कारण लेन्स नाही, अंतर आहे. फोनची मुख्य लेन्स रुंद बघते, त्यामुळे चेहरा फ्रेमभर यावा म्हणून तुम्ही हातभर अंतरावर जाता. तिथून नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ असतं. तीन-चार पावलं मागे या आणि २x वापरा. कंबख्ती टळेल.

हललेला_हात

मध्येच घुसतो, क्षमस्व. घरात मुलीचे फोटो काढतो, ती एक क्षण स्थिर नाही, सगळे फोटो हललेले. लेन्सवर स्टॅबिलायझेशन लिहिलंय, मग का?

अठरा_टक्के

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, मुलीला नाही.

दोन वेगळे हालणे आहेत. हाताचं असेल तर जुना आडाखा, शटर निदान एक भागिले फोकल लेंथ. क्रॉप सेन्सर असेल तर दीडने गुणा, म्हणजे ५० एमएमला १/८० सेकंदाच्या आसपास. विषयाचं असेल तर हा आडाखा कुचकामी. खेळणाऱ्या मुलाला मी १/२५० च्या खाली जात नाही, पळत असेल तर १/५००. फोटो झूम करून बघा. मागची भिंतही हललेली असेल तर दोष हाताचा, भिंत स्वच्छ आणि मूल धूसर असेल तर शटर कमी पडलं.

ऑटो आयएसओ लावा आणि त्यातच किमान शटर स्पीड १/२५० ठरवून टाका. आयएसओ ३२०० ला गेला तरी जाऊ द्या. दाणेदार फोटो आवडतो, हललेला कुणी अल्बममध्ये लावत नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. (नावावरून कळलं असेलच.) कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर मूर्ख नाही, पण त्याला एकच गोष्ट माहीत आहे. समोरचं जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असावं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं. त्यामुळे बर्फ दाखवलात तर बर्फ करडा, काळं मांजर दाखवलंत तर तेही करडं. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +१ किंवा आणखी थोडं, काळ्यासाठी -१. उलटं वाटतं, पण करून बघा.

मी सुधारलो ते अंदाज बांधण्याच्या खेळाने. कॅमेरा वर उचलण्याआधी मनात आकडे म्हणायचे आणि मग मीटर काय म्हणतो ते बघायचं. सुरुवात लख्ख उन्हापासून करा. एफ/१६, आणि शटर एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला १/१००, कॅमेऱ्यात जवळचं जे असेल ते. पहिले आठ दिवस मी दोन-दोन स्टॉपनी चुकत होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). महिन्याभरात एका स्टॉपच्या आत आलो.

हे कशासाठी, मीटर असताना? १९४१ ची गोष्ट. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हा छायाचित्रकार अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत गाडीने जात होता. हर्नांडेझ गावापाशी त्याला दिसलं की चंद्र वर आलाय आणि मावळतीचं ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलंय. धावपळ करून मोठा कॅमेरा लावला, आणि मीटरच सापडेना. पण चंद्र किती तेजस्वी असतो तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून हिशेब करून त्याने एक फ्रेम घेतली. दुसरी घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तो एकच फोटो, आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक.

अवांतर: चंद्राचा फोटो पांढऱ्या बटणासारखा येतो त्याचंही हेच कारण. मीटर काळं आकाश बघून उजेड वाढवतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे तो विसरतो, तुम्ही विसरू नका. पूर्ण चंद्राला एफ/११ आणि शटर एक भागिले आयएसओ.

हललेला_हात

१/२५० लावलं. मुलगी पहिल्यांदाच मुलीसारखी दिसतेय, ढगासारखी नाही. आभार!

झूमवीर

आणि एफ/१.८ असती तर आयएसओ ३२०० ची गरजच पडली नसती. म्हणून ठेवतो.

अठरा_टक्के

बरोबर. पण एफ/१.८ वर फोकसमधली पट्टी अरुंद होते, त्यात पळणारी मुलगी पकडून दाखवा.

अर्धी_फ्रेम

एक लहानसं. दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. मधलं आपण बघतोच. घाण कोपऱ्यात असते. कापलेलं पाऊल, अर्धी बादली, कुणाचं तरी कोपर. मला ही सवय लागायला वर्ष गेलं, कारण दाबायच्या क्षणी माणसाला नेमकं मधलंच दिसतं.

रंगारी

रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढता का? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलताना फरक कळतो. सगळं एडिटिंगमध्ये नीट करता येतं.

कवडसा

सगळं नाही हो. आकाश पूर्ण पांढरं उडालं असेल तर रॉमध्येही तिथे काही शिल्लक नसतं. दुपारी बाराची डोळ्याखालची सावली उचललीत तरी ती दुपारी बाराचीच राहते, फक्त राखाडी होते. रॉ जरूर काढा, पण त्याच्या भरवशावर वेळ चुकवू नका.

पायरीवरचा

मंडळी, तीन आठवडे गायब होतो. हिशेब द्यायला आलोय.

घराजवळ एक दगडी जिना आहे, सार्वजनिक, एका बाजूला लोखंडी कठडा. रोज त्यावरून उतरतो आणि तीन वर्षांत एकही फोटो काढला नव्हता. ठरवलं, रोज सकाळी फक्त हा जिना. एकोणीस दिवस गेलो. २१२ फोटो. काकांच्या ३६ च्या हिशेबात सहा रोलसुद्धा भरले नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्षांनी भांडण मिटवावं.

पहिले चार दिवस नुसता जिना आला. पाचव्या दिवशी वैताग. सहाव्या दिवशी उशीर झाला म्हणून थांबलो, आणि सात चाळीसला समोरच्या इमारतीच्या फटीतून ऊन आत आलं. कठड्याची सावली पायऱ्यांवरून अशी मोडत मोडत खाली उतरली की मी बघतच राहिलो, कॅमेरा गळ्यात तसाच. अकरा मिनिटं टिकलं. तीन वर्षं मी रोज साडेसातला तिथून जात होतो!

मग रोज सात चाळीस. नवव्या दिवशी पायरीवर बसून काढलं, तर सावलीच्या रेघा थेट माझ्याकडे येताना दिसल्या. अकराव्या दिवशी पाऊस. ऊन नाही म्हणून परत फिरणार होतो, पण पायऱ्यांवरच्या पाण्यात आकाश आणि कठडा उलटा पडला होता. तेराव्या दिवसाचा सगळा कारभार पांढराफटक, कारण आदल्या दिवशी पांढऱ्या भिंतीसाठी लावलेलं +१ तसंच राहिलं होतं. अठरा_टक्के, तुमच्या नावाने मनातल्या मनात बरंच बोललो.

फोटो त्या दिवशी बघितले नाहीत. काल पहिल्यांदा उघडले. चार ठेवले. एकात मांजर आहे, पण मांजराला श्रेय नको, ते आपोआप आलं. मी मात्र तिथे बसून होतो.

अठरा_टक्के

कॅमेरा बंद करताना कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायचं. मी आजही दर महिन्याला एकदा विसरतो.

कवडसा

तो पावसाचा फोटो बघायला मिळाला तर आवडेल. आणि जिना सोडू नका. वर्षभरात सूर्याची जागा बदलते, सात चाळीसचं ऊन दोन महिन्यांनी त्याच पायरीवर येणार नाही. कदाचित त्या फटीतून येणारच नाही. मग ते कुठे जातं ते शोधायला लागेल.

जुनी_निगेटिव्ह

मांजराचा फोटो मोठा छापून घ्या. स्क्रीनवर चांगला दिसणारा फोटो कागदावर टिकतो का ते भिंतीवर आठ दिवस लावल्याशिवाय कळत नाही.

फुकटचा_सल्ला

मीही आमच्या गॅलरीत एक बादली निवडलीय. बायको संशयाने बघतेय.

झूमवीर

सगळं छान. आता तरी लेन्स घेणार की नाही?

पायरीवरचा

घेणार! त्या चार फोटोंचे एक्सिफ बघितले. फोकल लेंथ ३५, ३३, ३५, ३८. ठरवून काही केलं नव्हतं, पाय आपोआप तिथेच जाऊन थांबत होते.

झूमवीर

म्हणजे माझी ५० बाद?

पायरीवरचा

क्रॉप सेन्सरवर ३५ म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) ५२ सारखीच झाली की. अर्धे मार्क तुम्हाला.

झूमवीर

घेतले.